आधी फोटो, मग पानं

ऑक्टोबर महिन्यात मेपलची पानं लाल होतात आणि ती बघायला जावं लागतं. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला राहायला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ही गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स आणि फॉल कलर्स असा क्रम ठरलेला आहे. पहिल्या दोन गोष्टी सरकार बघतं, तिसरी आमच्या मराठी मंडळाकडे आहे. ऑक्टोबर संपल्यावर कुणाकडेही जेवायला गेलं की वरणभातावर तूप पडायच्या आत प्रश्न येतो, "काय, रंग बघून आलात ना?" याला नाही म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो पुढे टेक्सासला राहायला गेला.

नुसते रंग बघून भागत नाही. ते उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यात जाऊन बघावे लागतात, तिथे त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढावा लागतो आणि तो भारतात पाठवावा लागतो. यातली एखादी पायरी राहिली तर रंग बघितले असं धरत नाहीत. मी मंडळाचा सहचिटणीस असल्यामुळे हा नियम मला तोंडपाठ आहे. तो कुणी केला ते मात्र मला माहीत नाही.

त्र्याऐंशी सालची सहल म्हणजे वरातीमागून घोडं झालं. दिवाळीच्या नाटकाच्या तालमींमुळे तारीख दोनदा पुढे गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळी पानं खाली पडून, भिजून, चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. पण एवढ्या लांब आलो होतो, म्हणून फोटो काढले आणि रीतसर भारतात पाठवून दिले. उत्तरंही आली. "रंग काय अप्रतिम आहेत हो!" "सुनेत्राचा कोट छान आहे, तिकडे असेच मिळतात का?" "मागे दिसते ती गाडी तुमचीच ना?" मंडळाची अब्रू वाचली असं समजून आम्ही निश्चिंत झालो. तेवढ्यात वर्ध्याहून एक निळं हवाईपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "फोटो मिळाला. तुम्ही सगळे बरे दिसता. मागे खराटे कशाला उभे केले आहेत?"

हे पत्र श्रीरंग वझलवारच्या आईचं होतं. श्रीरंग माझा शेजारी, टेलिफोन कंपनीत इंजिनियर. गेली दहा वर्षं तो दर ऑक्टोबरला आईला फोटो पाठवत आला होता. प्रत्येक फोटोत श्रीरंग, त्याची बायको सुनेत्रा आणि मुलगी रुपाली असे तिघे ओळीत उभे असायचे, आणि त्यांच्या डोक्यांवर बोटभर लाल रंग दिसायचा. दर वर्षी आईंचं उत्तर यायचं, "जरा बाजूला होऊन काढा रे, मागचं दिसत नाही." श्रीरंगला वाटायचं, आई थट्टा करतेय.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरअखेरीला आई स्वतःच आल्या. वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे, डोळे मात्र लख्ख. आल्या आल्या आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं, "मावशी, काय काय बघायचंय? नायगारा? डिस्नी?"

"मला यांच्या मागे काय आहे ते बघायचंय," आई म्हणाल्या. "दहा वर्षं झाली, ही तिघं पुढ्यात उभी आहेत. एकदा मागचं बघते अन् जाते. पुन्हा काही येणं व्हायचं नाही माझं." हे त्यांनी भाजी वाढून घेता घेता सांगितलं, पण श्रीरंगचा घास हातातच राहिला. त्यांचं परतीचं विमान दिवाळीच्या आधीच्या सोमवारी होतं. म्हणजे पानं लाल व्हायची आणि आईंना जायची वेळ यांच्यामध्ये एकच शनिवार सापडत होता.

खरं तर प्रश्न तिथेच सुटत होता. रुपाली तेरा वर्षांची. कानातला वॉकमनचा हेडफोन एका बाजूनं उचलून ती म्हणाली, "आजी, देअर इज वन बाय माय बस स्टॉप. इट्स रिअली रेड. आय कॅन शो यू टुमॉरो."

"मग उद्याच जाऊ," आई म्हणाल्या.

"छे छे, आई!" श्रीरंग घाईघाईनं म्हणाला. "ते शाळेच्या बसस्टॉपचं झाड आहे. त्याला कोण बघतं? शिवाय फोटोत कचऱ्याचा डबा येतो. तुला मी खरं दाखवणार आहे." आणि त्यानं प्रकरण मंडळाकडे नेलं. प्रेमापोटी नेलं, यात शंका नाही.

मंडळानं तातडीनं रंगदर्शन उपसमिती नेमली. अध्यक्षपदी डॉ. हेमचंद्र यांची निवड झाली. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर त्यांच्यासमोर कुणी फार वेळ जागं राहिलेलं नव्हतं, त्यामुळे विरोध ऐकायची त्यांना सवय नव्हती. गेल्या वर्षीची नामुष्की टाळण्यासाठी सहल शास्त्रीय पायावर काढायची, असा ठराव झाला. व्हरमाँट सरकारचा पानांची खबर देणारा एक फोन नंबर होता. तो फिरवला की टेपवरची बाई कुठल्या भागात किती टक्के रंग आला ते सांगायची. डॉक्टर रोज शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात त्या बाईला फोन करत आणि संध्याकाळी सभासदांना आकडा कळवत. सत्तर टक्क्यांना काही पुणेकर निघायला तयार झाले. मुंबईकर म्हणाले, ऐंशीच्या खाली यार पैसे वसूल होत नाहीत. नागपूरकरांनी विचारलं, जेवणाची सोय कोण बघतंय? सुदैवानं आईंच्या शनिवारीच टेपवरची बाई नव्वद म्हणाली, आणि बस ठरली.

निघायची वेळ पहाटेची होती. त्याप्रमाणे सगळे आठ वाजेपर्यंत जमले. मग चटणीचा डबा कुणाच्या तरी फ्रिजमध्ये राहिल्याचं लक्षात आलं. चटणीशिवाय इडली कशी न्यायची, यावर दुमत नव्हतं, म्हणून एक गाडी परत गेली. आई सगळ्यात आधी येऊन खिडकीजवळ बसल्या होत्या. अंगावर नऊवारी, वर श्रीरंगचा जुना पार्का, पायांत लोकरी मोजे आणि चपला. काच त्यांनी पदरानं पुसून लख्ख केली होती.

कनेक्टिकट लागलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना रंग सुरू झाला. "अगं बाई, हे काय!" असं म्हणत आई काचेला नाक लावून बसल्या. बाकीचेही माना वळवू लागले. डॉ. हेमचंद्र तत्काळ उठून ड्रायव्हरशेजारी उभे राहिले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, एक सूचना. हे जे बाहेर दिसतंय ते आपलं डेस्टिनेशन नाही. हा साधारण साठ टक्क्यांचा रंग आहे. डोळ्याच्या पडद्याला लाल रंगाची एकदा सवय झाली की पुढचा लाल निम्माच जाणवतो. मेडिकल फॅक्ट आहे. तेव्हा कृपा करून इथे बघू नका. पडदे लावून घ्या."

सगळ्यांना ते पटलं. पंगत बसायच्या आधी कुणी चिवड्यानं पोट भरतं का? भराभर पडदे ओढले गेले. आईंनी मात्र कोपरा उचलून एक डोळा बाहेर लावला होता. तो कोपरा सुनेत्रानं हळूच खाली सोडला आणि ती म्हणाली, "आई, आत्ता नको ना. तिथे गेल्यावर मजा येणार नाही."

"अगं, पण झाडं तर इथेच आहेत."

"हो, पण ही ती नाहीत."

कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही दोन्ही राज्यं आम्ही अंधारात ओलांडली. वेळ जावा म्हणून हाउजी झाली. पहिल्या बक्षिसाला फॉल कलर्सचा एक जाडजूड फोटोंचा ग्रंथ होता. ज्यांना तो मिळाला त्यांनी तो उघडला नाही, डोळ्यांना सवय होईल म्हणून. मग भेंड्या झाल्या. मधे एका रेस्ट एरियात अल्पोपाहार झाला. तिथेही झाडं होती. पण आम्ही त्यांच्याकडे पाठ करून इडल्या खाल्ल्या.

व्हरमाँटची हद्द लागल्यावर मेपल सिरपच्या दुकानी थांबणं क्रमप्राप्त होतं. दुकानदारानं चमच्या-चमच्यानं चव दाखवली. आई म्हणाल्या, "ही तर काकवी." आणि बाहेर जायला वळल्या. पण दुकानात मेपलच्या पानांचे टी-शर्ट, मेपलच्या पानांचे कप आणि मेपलच्या पानांची कॅलेंडरं होती, आणि प्रत्येकाला भारतात कुणाला ना कुणाला तरी काहीतरी पाठवायचं होतं. न्यायला आई होत्याच. जो तो एक पुडी घेऊन त्यांच्याकडे यायचा आणि म्हणायचा, "मावशी, एवढं दादरला पोचवाल ना? वजन काहीच नाही." आईंनी एकालाही नाही म्हटलं नाही. फक्त मधूनमधून दाराच्या काचेतून उन्हाकडे बघत होत्या. ऊन कलत चाललं होतं.

श्रीरंग अस्वस्थ झाला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "यार, आईला एवढं एकच दाखवायचंय. परवा तिची फ्लाइट आहे. अंधार पडला तर काय करू?"

"सूर्यास्त कार्यक्रमपत्रिकेत नाही," मी म्हणालो. मला वाटलं होतं यानं त्याला धीर येईल.

अखेर बस घाटातल्या त्या प्रसिद्ध ठिकाणी पोचली. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा, पलीकडे लाकडी कठडा आणि कठड्याच्या पलीकडे दरी. इथे दरीचं वर्णन यायला हवं. ते मला करता येत नाही आणि त्याचं कारण पुढे येईलच. बस थांबताच आई दाराशी आल्या. पण दारात दिगंबर उभा होता. दिगंबर म्हणजे मंडळाचा अधिकृत छायाचित्रकार. गळ्यात दोन कॅमेरे, काखेत तिकाटणं.

"कुणी इकडेतिकडे पांगू नका," तो ओरडला. "उजेड फार थोडा आहे. आधी ग्रुप फोटो, मग काय बघायचं ते बघा. आधी लगीन कोंढाण्याचं!"

"आणि बघायचं काय," डॉक्टर म्हणाले, "फोटो आला की घरी निवांत बघता येईल."

आम्ही खाली उतरलो आणि कठड्याच्या दिशेनं निघालो. तेवढी चार पावलं आमची तोंडं झाडांकडे होती, हे मी नाकारत नाही. पण त्या वेळात बायका निऱ्या सारख्या करत होत्या, पुरुष भांग पाडत होते आणि मी घडीच्या खुर्च्या वाहत होतो. कठड्यापाशी पोचताच सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून वळले.

मग कुणी कुठे उभं राहायचं, यावर घोडं अडलं. उपसमितीनं अमेरिकेत आल्याच्या सालाप्रमाणे रांगा लावायचं ठरवलं. साठच्या दशकात आलेले खुर्च्यांवर, सत्तरच्या दशकात आलेले त्यांच्या मागे दोन रांगांत उभे, आणि गेल्या दोन-चार वर्षांत आलेले विद्यार्थी कठड्याला टेकून. दोन जणांनी एकोणसत्तर आणि सत्तर यांच्या सीमेवरून वाद घातला. पासपोर्टवरचा शिक्का डिसेंबरचा की जानेवारीचा, हे ठरायला बराच वेळ गेला. भारतातून आलेल्या पाहुण्यांना अर्थातच मानाची जागा, पुढच्या रांगेत, अगदी मध्यभागी. म्हणजे दरीपासून सगळ्यात लांब. आईंना तिथे खुर्चीवर बसवण्यात आलं. त्यांच्या मागे तीन रांगा माणसं उभी राहिली.

आई म्हणाल्या, "अरे, पुन्हा तुम्हीच मागे!"

सगळे मोठ्यानं हसले. आई गोड बोलतात, असं सगळ्यांचं मत पडलं.

दिगंबर हा एकटाच दरीकडे तोंड करून होता. पण तो डोकी मोजत होता. "उल्हासकाका, मान खाली. वहिनी, तुमच्या खांद्यामागून झाड येतंय, जरा उजवीकडे सरका, मागचा माणूस दिसू दे." असं करत करत त्यानं सगळी झाडं झाकून टाकली. त्यालाही फोटोत यायचं होतं, म्हणून त्यानं कॅमेऱ्याचा टायमर लावला. "आता कुणी हलू नका! दिवा लुकलुकेल, मग क्लिक होईल. हसत राहा." आणि धावत येऊन तो माझ्याशेजारी उभा राहिला.

दिवा लुकलुकू लागला. आम्ही हसलो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी दिसली.

"आई?" सुनेत्रा ओठ न हलवता म्हणाली. "आई कुठे गेल्या?"

तेव्हा आमच्या मागून, कठड्याच्या बाजूनं आवाज आला. "अगं बाई गं." नुसतं एवढंच. असा आवाज मी मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमच्या पाठीमागे काहीतरी होतं. माझ्या मानेवर ते मला जाणवत होतं.

"श्रीरंग," आई म्हणाल्या, "इकडे ये रे. मागे बघ. एकदा वळून तर बघ, बापा. काय करून राहिले तुम्ही लोक?"

"कुणी हलू नका!" दिगंबर दातांतून म्हणाला. "टायमर चालू आहे!"

श्रीरंग माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याची मान किंचित वळली, एवढी की मला त्याचा कान आणि गालाचा थोडासा भाग दिसला. तेवढ्यात डॉ. हेमचंद्र खुर्चीतून समोर बघत बघतच म्हणाले, "श्रीरंग, सगळ्यांचा फोटो आहे." श्रीरंगची मान पुन्हा सरळ झाली. क्लिक झालं.

"सेफ्टीसाठी आणखी एक!" दिगंबर कॅमेऱ्याकडे धावला. सेफ्टीसाठी त्यानं पूर्ण रोल संपवला. "आता बघा काय बघायचं ते," असं तो म्हणाला तेव्हा आम्ही सगळे मागे वळलो. दरीत अंधार भरला होता. काळ्यावर काळं असं काहीतरी दिसत होतं. काहींनी "वा!" म्हटलं.

परतीच्या बसमध्ये पडदे उघडे होते, कारण आता बाहेर काही दिसत नव्हतं. आई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर शांत होते. श्रीरंग शेजारी जाऊन बसला. त्यानं विचारलं, "आई, दिसलं का गं?"

"दिसलं."

"कसं होतं?"

आईंनी त्याच्याकडे बघितलं. रागावून नव्हे. म्हणाल्या, "तू होतास की तिथे."

मला वाटतं, त्या वेळी श्रीरंगला बस थांबवून परत जावंसं वाटलं असावं. मलाही वाटलं. पण ज्यांच्यासाठी सहल काढली त्या आजी एकाही फोटोत नाहीत, ही बाब एव्हाना उपसमितीच्या लक्षात आली होती, आणि बसच्या मधल्या वाटेत आणीबाणीची बैठक सुरू झाली होती. मानाची खुर्ची रिकामी. असा फोटो भारतात गेला तर लोक काय म्हणतील? सहल झालीच कशावरून? फोटो सदोष असल्याचं एकमतानं ठरलं. आईंनी शिस्त पाळली नाही, अशी नोंद करावी असं एक जण म्हणाला. पण त्या वयानं मोठ्या असल्यामुळे ती केली नाही.

मार्ग मात्र निघाला. जेवणासाठी ज्या रेस्ट एरियात थांबलो, तिथे आतल्या एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत मेपलचं जंगल रंगवलेलं होतं. लाल, केशरी, पिवळं, सगळं ठसठशीत. वर दिव्यांचा उजेड. आणि भिंत असल्यामुळे पुढे माणसं नीट उभी करता येत होती. डॉक्टरांनी ती डोळे बारीक करून तपासली आणि म्हणाले, "शंभर टक्के." बारा महिने शंभर टक्के असणारी जागा घरापासून इतक्या जवळ आहे, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षीची सहल इथेच आणावी, असा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला. मी त्याला अनुमोदन दिलं.

आईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. या वेळी त्या उठल्या नाहीत. कॅमेऱ्याकडे बघून छान हसल्याही. त्यांचं काम झालं होतं. सोमवारी त्या सगळ्यांच्या पुड्या घेऊन विमानात बसल्या.

तो फोटो फार उत्तम आला. त्याच्या भरपूर प्रती काढल्या आणि भारतभर पाठवल्या. तुमच्याकडेही एक आहे. नाही म्हणू नका. टीव्हीच्या वर, विणलेल्या रुमालावर, फ्रेममध्ये ठेवलाय तो. तुम्ही लगेच उत्तरही पाठवलं होतंत. श्रीरंगचं पोट सुटलंय, सुनेत्राची साडी कुठली, या वेळी गाडी दिसत नाही, विकली की काय, आणि रंग तर अगदी खऱ्यासारखे आलेत. मागे काय आहे, ते तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर आम्हाला कधीतरी मागे वळून बघावं लागलं असतं.

पुडी द्यायला त्या आजी तुमच्याकडे आल्या होत्या, आठवतं? फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, "ही भिंत आहे. खरं मी पाहिलंय." मग बशीतला चहा तसाच ठेवून त्या सांगायला लागल्या. सगळी दरी कशी एकदम पेटल्यासारखी दिसली, वारा आला की एका झाडाचा लाल दुसऱ्या झाडावर कसा सांडत होता, आणि मावळता मावळता उन्हानं काय केलं ते. तुम्ही शिष्टाचार म्हणून थोडा वेळ ऐकलंत. एकदा त्यांच्याकडे बघितलंत, एकदा टीव्हीवरच्या फोटोकडे. आणि मग विचारलंत, "ते सगळं ठीक आहे, मावशी. पण तिथला तुमचा फोटो कुठाय?"